शेजारी कुणाला मत देतो यावर घर ठरवायचं का?

मार्च उजाडला की आपल्या कॅम्पसवर दोनच विषय असतात. एक म्हणजे सबमिशन आणि दुसरा "पुढच्या वर्षी कुठे राहायचं?" बी. ई. ला हॉस्टेलच्या जागा कमी पडतात, मग फ्लॅट शोधा, पार्टनर जमवा. भाडं, डिपॉझिट, पाणी किती वेळ येतं, या चौकशा नेहमीच्याच. यंदा त्यात एक नवीन चौकशी ऐकू येतेय : "बाकीच्या मुली कुठल्या विचारांच्या आहेत?" हॉस्टेलमध्येही एक अर्ज सह्यांसाठी फिरतोय. पहिल्या वर्षापासूनच रूम आणि विंग आमच्या पसंतीने द्या, 'समविचारी' विद्यार्थ्यांना एकत्र राहू द्या, अशी त्यात रेक्टरसरांना विनंती आहे. मी त्यावर सही केलेली नाही. का केली नाही, ते सांगायला हा लेख. (शिक्षण कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळाची!)

आधी एक कबूल करू. ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. दिवसभर प्रॅक्टिकल करून आल्यावर चहाच्या कपाबरोबर पुन्हा वाद कुणाला हवा असतो? आपल्यासारखं बोलणारं, आपल्याच विनोदांवर हसणारं माणूस शेजारी असावं असं वाटणं हा काही गुन्हा नाही. प्रश्न एवढाच की सगळ्यांनीच असं ठरवलं तर काय होतं?

अमेरिकेत हा प्रश्न उघडपणे विचारला जातो. तिथे अनेक राज्यांत मतदार नोंदणी करतानाच आपला पक्ष लिहिता येतो, आणि निवडणूक आली की लोक अंगणात उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात. घर बघायला गेलं की गल्लीचा कल समोर दिसतो. बिल बिशप या पत्रकाराने २००८ मध्ये 'द बिग सॉर्ट' हे पुस्तक लिहिलं. राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ज्या काउंटीत (आपला जिल्हा म्हणा) एका पक्षाला २० टक्के किंवा त्याहून जास्त मतांची आघाडी मिळते, तिला त्याने एकतर्फी काउंटी धरलं. अशा ठिकाणी १९७६ मध्ये पाव अमेरिकेहून थोडे जास्त लोक राहत होते. २००४ मध्ये जवळजवळ निम्मे! काही अभ्यासकांनी या हिशोबावर आक्षेप घेतलेत, तेही सांगायला हवं. पण बिशपचा मुद्दा मला पटतो. लोक पक्ष बघून सामान हलवत नव्हते. नोकरी, चर्च, दुकानं, राहणी यांच्यात आपल्यासारखी माणसं शोधत होते, आणि मत आपोआप त्यांच्यामागे गेलं.

हे 'आपोआप' कसं होतं, हे समजून घ्यायला आपल्या कॉम्प्युटरवाल्यांना पुस्तकाचीही गरज नाही. थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञाने (२००५ च्या नोबेलचे एक मानकरी) १९७१ मध्ये एक गंमत मांडली. बुद्धिबळासारख्या पटावर दोन प्रकारची नाणी कशीही पसरायची, थोडी घरं रिकामी ठेवायची. नियम एकच. शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश माझ्यासारखे असले तर मी खूश, नाहीतर रिकाम्या घरात जाणार. म्हणजे दोन तृतीयांश 'वेगळे' शेजारी प्रत्येकाला चालतात. किती उदार मंडळी! दुपारभरात कोड लिहून होतो, करून बघा. सुरुवातीला प्रत्येकाच्या शेजारी सरासरी निम्मे आपल्यासारखे असतात. सगळी हलाहल थांबते तेव्हा हा आकडा सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलेला असतो आणि पटावर सरळ सरळ दोन मोहल्ले दिसतात. त्या पटावर एकही कट्टर नाणं नव्हतं हो. थोडीशी आवड, बस्स.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे मत गुप्त असतं आणि दारात पाटीही नसते. मग शेजारी कुठल्या विचारांचा आहे हे कळणार कसं? अंदाजाने! आणि अंदाज कशावरून? आडनाव काय, डब्यात काय, कुठल्या जयंतीला वर्गणी देतो, गच्चीवर झेंडा कुठल्या रंगाचा. फ्लॅट बघायला गेलेल्या प्रत्येकाला एजंटचे पहिले दोन प्रश्न पाठ आहेत : "आडनाव?" आणि "नॉनव्हेज खाता का?" माझ्या बॅचमधल्या एका मैत्रिणीला फोनवर रिकामा असलेला फ्लॅट नाव सांगितल्यावर तासाभरात 'दिला गेला'. तिला कुणीही तिचं राजकीय मत विचारलं नव्हतं. ते गृहीतच धरलं होतं. म्हणून मला वाटतं, आपल्याकडे 'समविचारी शेजार' हा शब्द दिसतो तितका निरागस नाही. विचार तपासायचं साधन नसताना विचारांवर निवड करायची म्हटलं, की ती जात आणि धर्म यांवर येऊन थांबते. बोलायला मात्र सुसंस्कृत वाटते.

हे शेवटपर्यंत नेलं तर काय होतं, ते उत्तर आयर्लंडच्या बेलफास्टमध्ये बघायला मिळतं. ब्रिटनबरोबर राहायचं की आयर्लंडमध्ये सामील व्हायचं, हा तिथला राजकीय वाद. तिथेही माणसाचं नाव आणि शाळा ऐकून त्याची बाजू ओळखली जाते. ऑगस्ट १९६९ च्या दंगलीत कित्येक कुटुंबांना घरं सोडावी लागली आणि दोन वस्त्यांच्या मध्ये लष्कराने तात्पुरते अडथळे उभे केले. तात्पुरते! त्यांच्या पुढे पक्क्या भिंती झाल्या. १९९८ मध्ये शांतता करार झाला. सगळ्या भिंती २०२३ पर्यंत पाडायच्या असं तिथल्या सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं. २०२३ आलं आणि गेलं, बऱ्याच भिंती तशाच राहिल्या. कारण भिंतीला लागून राहणाऱ्या अनेकांनाच ती हवीशी वाटते. वेगळं राहायची सवय झाली की भिंत काढायची भीती वाटते.

आता कुणी म्हणेल, "ठीक आहे गं, पण शेजारी त्रास देणारा असला तर?" रास्त प्रश्न आहे. ज्या सोसायटीत रात्री उशिरा लॅबमधून आलेल्या मुलीकडे डोळे वटारून बघतात, जिथे एखाद्याला आडनावावरून टोमणे ऐकावे लागतात, तिथे राहू नका. तिथून निघून जाणं हा कोतेपणा नव्हे, शहाणपण आहे. पण ते वागणं झालं, मत नव्हे. मी घर बघताना एवढंच बघेन : गेटवरचे नियम सगळ्यांना सारखे आहेत का? रात्री दोनला कुणी आजारी पडलं तर दार उघडेल का? ज्याचं मत मला अजिबात पटत नाही तो दार उघडतो, आणि ज्याच्याशी शंभर टक्के पटतं तो टीव्हीचा आवाज वाढवतो, असंही होतंच की.

हॉस्टेलमध्ये मला हे तीन वर्षं दिसलंय. आमच्या रूममध्ये तिघी तीन जिल्ह्यांच्या, रेक्टरऑफिसच्या यादीने एकत्र आलेल्या. आरक्षणावरून आमचे वाद असे झालेत की एकदा दोन दिवस अबोला होता, आणि मधल्या मध्ये तिसरीची पंचाईत! माझं मत बदललं नाही, तिचंही नाही. पण स्कॉलरशिपचे पैसे वेळेवर आले नाहीत तर तिच्या घरी काय विकायचा विचार सुरू होतो, हे मला आता माहीत आहे. शहरातल्या पगारदार घरातही फीचं टेन्शन असतं, हे तिला माहीत आहे. त्यामुळे वाद अजूनही होतो, पण 'ते लोक' हा शब्द आमच्या रूममधून गेला. हा शब्द मी माझ्या शाळेत राहून कधी घालवू शकले असते असं मला वाटत नाही. तिथे सगळ्या माझ्यासारख्याच होत्या.

आणि हे आम्हाला निवडायला सांगितलं असतं, तर आम्ही एकमेकींना कधीच निवडलं नसतं!

म्हणून त्या अर्जाबद्दल माझं म्हणणं असं. पहिल्या वर्षाचं वाटप यादीने किंवा चिठ्ठ्या टाकूनच राहू दे. दुसऱ्या वर्षापासून पार्टनर जरूर बदलू द्या. कुणाला रात्री दोनपर्यंत लाइट लागतो, कुणाला पहाटे अभ्यास लागतो, कुणी घोरतं, कुणी बादली परत जागेवर ठेवत नाही. ही कारणं खरी आहेत. फक्त अर्जातला 'समविचारी' हा शब्द खोडा. तो खोडला तर मी आजच सही करते.

पुढे नोकरी लागेल, कर्ज काढून घर घ्यायची वेळ येईल. तेव्हा शेजारी निवडायची ताकद आपल्या हातात असेल, म्हणजेच कुणाला तरी नाकारायचीसुद्धा. ती कशी वापरायची, याची प्रॅक्टिस या चार वर्षांतच होते. तुम्हाला काय वाटतं? पटलं नसेल तर मेसमध्ये माझ्याच टेबलावर येऊन बसा. वाद घालू!

— टी. ई. (कॉम्प्युटर), मुलींचं वसतिगृह