एका कानाचा बहिरेपणा आणि कायद्याचा बहिरेपणा

काही वर्षांपूर्वी शहापूर कोर्टाच्या आवारात एक पक्षकार मला भेटला. किन्हवलीकडचा, वय चाळिशीचे, आयुष्य वीटभट्टीवर आणि हमालीत गेलेले. हातात कानाच्या तपासणीचा कागद होता. उजवा कान चांगला, डावा जवळजवळ निकामी. अपंगत्वाचा दाखला नाकारला होता, त्याविरुद्ध त्याला अपील करायचे होते. मी कायद्याचे पुस्तक उघडले, व्याख्या वाचली आणि म्हणालो, "दादा, दोन्ही कान गेले असते तर लढलो असतो. एका कानावर काही मिळत नाही." तो निघून गेला.

दीड वर्षाने त्याचा भाऊ भेटला. चालताना झोक जाऊ लागला, सकाळी उलट्या सुरू झाल्या, नजर अंधुक झाली, तेव्हा कुठे मुंबईला नेऊन एमआरआय केला. डाव्या कानाच्या नसेवर मोठी गाठ निघाली. ऑपरेशनने जीव वाचला, पण चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली ती कायमची.

रोगाची खूण त्या कागदावर आधीपासून होती. दाखला देणाऱ्यांनी टक्के पाहिले, मी व्याख्या पाहिली. एकच कान का गेला, हा प्रश्न आम्ही कोणीच विचारला नाही.

कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या नसेचे दोन भाग असतात. एक ऐकण्याचा, दुसरा तोल सांभाळण्याचा. तोलाच्या भागाच्या आवरणातून कधी कधी गाठ वाढते. डॉक्टर तिला अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात. ती कॅन्सरची नव्हे. वाढली तरी बहुधा वर्षाला एक-दोन मिलिमीटर, काही तर वाढतही नाहीत. पण कवटीत जागा अरुंद. गाठ मोठी झाली की चेहऱ्याची नस, मग मेंदूच दाबला जातो. बहुतेकांत पहिली खूण म्हणजे एका कानाने कमी ऐकू येणे. त्याच कानात सतत शिट्टीसारखा आवाज येतो. त्या कानाला फोन लावला तर आवाज येतो, शब्द कळत नाहीत. दुखत नाही, पू येत नाही. मग कष्टकरी माणूस फोन दुसऱ्या कानाला लावतो आणि कामाला जातो.

जगातील नोंदी पाहिल्या तर वर्षाला लाखामागे एक ते दोन माणसांत ही गाठ सापडते. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून पाच लाख होती. या हिशेबाने आपल्या भागात दरवर्षी पाच-दहा माणसे निघायला हवीत. आकडा लहान आहे, हे खरे. पण गाठ लहान असताना सापडली तर नुसते लक्ष ठेवून किंवा किरणोपचाराने भागू शकते. भारतातील मोठ्या रुग्णालयांत ऑपरेशनला येणाऱ्या गाठी मात्र बहुतेक मोठ्या असतात. गाठ संथ असूनही आपल्याकडे उशीर होतो, तो कुणामुळे?

कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री, गाठ दाखवत नाही. ती फक्त चाळणी आहे. गाठ आहे की नाही हे एमआरआय सांगतो. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना साध्या आहेत. नसेचा बहिरेपणा असेल आणि लागोपाठच्या दोन स्वरपातळ्यांवर दोन कानांत १५ डेसिबल किंवा अधिक फरक असेल, तर एमआरआयचा विचार करा. असे शंभर जण पाठवले तर एक ते पाच जणांतच गाठ निघते. म्हणून कुणी घाबरून जाऊ नये. उलट, काही थोड्या रुग्णांत कानाची तपासणी चांगली येऊनही गाठ असते. म्हणून सरसकट गावेच्या गावे तपासा, अशी मागणी मी करत नाही. मागणी एवढीच की, एका कानाचा नसेचा बहिरेपणा कागदावर दिसला आणि कारण सापडले नाही, तर तो कागद फाईलला लागता कामा नये. त्याच्यासोबत एमआरआयची चिठ्ठी गेली पाहिजे.

आता कायद्याकडे या. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने 'चांगल्या कानात' ६० डेसिबल किंवा अधिक ऱ्हास हा निकष धरला होता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने 'दोन्ही कानांत' ६० ते ७० डेसिबल असे शब्द घातले. सवलतींसाठी कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे समजू शकते. परंतु सवलतीची रेघ हीच उपचाराची रेघ कशी होते? त्याच २०१६ च्या कायद्याचे कलम २५ अपंगत्व टाळण्यासाठी योजना करण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९९६ साली सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा कलम २१ चा भंग आहे. तो खटला अपघातातील जखमीचा होता. पण संथ वाढणाऱ्या गाठीच्या रुग्णालाही वेळ लागू आहेच.

मुरबाड एमआयडीसीतील कामगारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मशीनच्या आवाजाने कान जातात, पण बहुधा दोन्ही आणि साधारण सारखेच. एकच कान गेला असेल तर "आवाजाने गेला" हे उत्तर मुकाट्याने मान्य करू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत मालकाने मोफत वार्षिक आरोग्य तपासणी करण्याची तरतूद आहे. तिचा अहवाल मागून घ्या. वीटभट्टीवरच्या कातकरी मजुराला कोण तपासणार, हा प्रश्न मात्र उरतोच.

भातसा, तानसाचे पाणी आपल्या शहापुरातून मुंबईला जाते. मोठ्या तपासणीसाठी आपला माणूसही तिथेच जातो, रोज बुडवून, आसनगावची लोकल पकडून. मुरबाडकरांना तर कल्याणपर्यंत एसटीच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मेंदूच्या गाठीचे ऑपरेशन आहे, पण ती योजना मुळात दाखल रुग्णांसाठी. गाठ आहे की नाही हे शोधण्याचा खर्च आधी गरिबाच्या खिशातून जातो.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन कामे हाती घ्यावीत. आपल्या वस्तीत कुणाला एका कानाने कमी ऐकू येते ते विचारा, आणि अचानक दोन-तीन दिवसांत कान गेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत, तो हक्क वापरा. आणि माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: गेल्या तीन वर्षांत अपंगत्व शिबिरांत एका कानाच्या बहिरेपणाचे किती अर्ज नाकारले आणि त्यांतील किती जणांना पुढील तपासणीला पाठवले?

दाखल्याच्या प्रकरणात असा कागद माझ्याकडे आजही येतो. आता मी व्याख्या नंतर वाचतो. आधी विचारतो, "एमआरआय झाला का?"