‘ऐकत नाही’ म्हणजे ‘हरलात’ नव्हे!



सुप्रीम कोर्ट म्हणतं, "हा अर्ज आम्ही ऐकायला घेत नाही." मालक सांगतो, "सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, कामगार हरले!" या दोन गोष्टी एक नाहीत. एक आहे म्हणून सांगणं ही शुद्ध लबाडी आहे, आणि ती पचते कारण आपण कागद मागत नाही.

माझं गाव चामोर्शी. तिथल्या मजुराचा दावा चंद्रपूरच्या कामगार कोर्टात चालतो, तिथून नागपूरच्या खंडपीठात, आणि मग दिल्ली. इथवर येईतो घरातली भांडी गेलेली असतात. दिल्लीत काय होतं? घटनेच्या 136 व्या कलमाखाली अपिलाची खास परवानगी मागावी लागते. हे अपील म्हणजे हक्क नव्हे, कोर्टाची मर्जी. काही मिनिटं वकील बोलतो आणि पुष्कळदा एका ओळीत उत्तर येतं: अर्ज खारीज. का, ते नाही. आणि हे सारं इंग्रजीत! 348 व्या कलमानं वरच्या कोर्टाची भाषा इंग्रजी ठरवली आहे. साक्ष मराठीत, हजेरीकार्ड मराठीत, पण दिल्लीला जाताना पानापानाचं भाषांतर पैसे मोजून करायचं. 1 मे 1960 ला राज्य मराठी झालं. न्याय अजून झाला नाही.

दार न उघडण्याची ही रीत इंग्रजांच्या काळापासूनची आहे. तेव्हा शेवटचं कोर्ट लंडनची प्रिव्ही कौन्सिल. 1897 साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. ज्यूरीतल्या सहा गोऱ्यांनी दोषी म्हटलं, तिघा हिंदी माणसांनी निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितलं, सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती! आता बोला. मालकावर प्रेम नाही म्हणून कामगाराला तुरुंगात टाकावं तसंच हे. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. लंडनला टिळकांच्या बाजूनं अ‍ॅस्क्विथ उभा राहिला, जो पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झाला. तरी प्रिव्ही कौन्सिलनं अपिलाची परवानगी नाकारली. स्ट्रॅचीचा अर्थ तसाच राहिला, आणि पुढच्याच वर्षी सरकारनं कायदा आणखी आवळून घेतला.

1908 साली पुन्हा तेच. 22 जुलैच्या रात्री न्यायमूर्ती दावर यांनी टिळकांना सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. आपले वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे विलायतेला गेले, प्रिव्ही कौन्सिलपर्यंत खटपट केली, दाद लागली नाही. पण मुंबईच्या गिरणी कामगारांनी लंडनची वाट पाहिली नव्हती. सहा वर्षांच्या शिक्षेला सहा दिवस गिरण्या बंद ठेवून त्यांनी उत्तर दिलं. लष्कर आलं, गोळ्या झाडल्या, आपली माणसं पडली. टिळक 1914 साली मंडालेहून सुटून आले तेव्हा कुणी विचारलं का, की प्रिव्ही कौन्सिलनं अपील घेतलं नाही म्हणजे टिळक खरोखरच गुन्हेगार होते? मग कामगारालाच हा न्याय का?

मी ज्या खात्यात होतो तिथल्या फळ्यावर एकदा असाच कागद लागला. "सर्वोच्च न्यायालयाने कामगारांचा दावा फेटाळला." मोठ्या अक्षरात. "आता काय राहिलं भाऊ, दिल्लीनंच पाडलं आपल्याले," म्हणत माणसं मान खाली घालून स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सह्या करून गेली. स्वेच्छा! त्यात इच्छा कुणाची होती ते मालकालाच ठाऊक. दिल्लीचा मूळ कागद मागून पाहिला तर एक ओळ होती. त्यात कामगार चूक की बरोबर, याबद्दल अक्षर नव्हतं.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. खुद्द सुप्रीम कोर्टानंच 2000 साली कुन्हय्यम्मद विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सांगितलं आहे की, कारण न देता परवानगीचा अर्ज खारीज झाला, तर खालच्या निकालावर वरच्या कोर्टानं शिक्का मारला असा अर्थ होत नाही. हायकोर्टाकडे फेरविचार मागण्याची वाटही त्यानं बुजत नाही. 2019 साली हेच पुन्हा सांगितलं. हायकोर्टाचा निकाल त्या माणसांवर लागू राहतो, फेरविचाराची वाट अरुंद असते, हेही खरं. खोटी आशा विकायला मी बसलो नाही. पण शेजारच्या गिरणीतल्या कामगाराचा दावा त्या एका ओळीनं मरत नाही. जर कोर्टानं कारणं लिहिली असतील, तर गोष्ट वेगळी. म्हणून तर कागद वाचायचा.

दार न उघडणं एक, आणि ओसरीवर बसवून ठेवणं दुसरं. बेळगाव, कारवार, निपाणीसह 865 गावांचा दावा महाराष्ट्रानं 2004 साली थेट सुप्रीम कोर्टात लावला. तिथं परवानगीचा प्रश्न नव्हता. राज्याचा राज्याशी तंटा. वीस वर्षं उलटली तरी निकाल आला नव्हता. बेळगावात तोवर पोरांची शाळा संपली, नोकऱ्या लागल्या, कुणाची लग्नं झाली. तिथला मराठी माणूस हरला असं म्हणायची कुणाची छाती आहे?

तेव्हा फळ्यावर असा कागद लागला तर मूळ हुकमाची नक्कल मागा. युनियननं ती मराठीत करून फाटकावर मोठ्यानं वाचावी. सही करा म्हणून घाई करणाऱ्याला सांगा, आधी ती ओळ दाखव.

— एक गिरणी कामगार, चामोर्शी