ठिणगी दिसली म्हणजे प्लग चांगला?

सुट्टीत मी होसकोट्याला मामांकडे होतो. पुणे-कोल्हापूर-बेळगावकडून येणारा जुना ४ नंबरचा महामार्ग इथूनच पुढे चेन्नईला जातो, त्यामुळे गॅरेजांना तोटा नाही. मामांची मोटरसायकल एरवी ठीक चाले. ट्रकला मागे टाकायला अ‍ॅक्सिलरेटर पिळला की आचके देई. मेकॅनिकने प्लग काढला, इंजिनला टेकवून किक मारली. निळी ठिणगी उडाली. "प्लग ओके," म्हणाला आणि कार्बुरेटर उघडून बसला. दोन दिवस गेले, पैसे गेले, आचके राहिले. पुढे एकदा ओव्हरटेक करताना इंजिन मधेच बंद पडलं. समोरून बस येत होती. मामांनी गाडी कशीबशी डावीकडे घातली. मग नवा प्लग बसवला आणि दुखणं गेलं.

मेकॅनिक खोटं बोलला नव्हता. त्याची परीक्षाच सोपी होती. दाब वाढला की हवेतून ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच हे मोजून दाखवलं. पाऊण मिलिमीटरच्या फटीला उघड्यावर तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबली गेल्यावर दहा हजारांच्याही वर लागतात. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळला की आत हवा जास्त शिरते, दाब सर्वाधिक होतो. प्लगच्या चिनी मातीवर काजळी असेल तर वीज तेव्हा फट सोडून काजळीवरून निसटते.

उस्तादांची माफी मागून लिहितो, आपल्या वर्कशॉपमध्येही प्लग असाच तपासतात. प्लग मेलाय का, एवढंच त्यातून कळतं. शिवाय प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच आपण ठिणगी पाडतो! जुन्या गॅरेजांत प्लग साफ करायचं यंत्र असे. त्यात प्लग बसवायचा, कॉम्प्रेसरची हवा भरायची, दाब वाढवत नेऊन काचेतून ठिणगी पाहायची. असं एक यंत्र आपल्याकडे हवं. नवा प्लग स्वस्त असतो, तोच बसवावा, असं कुणी म्हणेल. घरच्या स्कूटरला ते ठीक. पण मग वर्कशॉपच्या तासाला आम्ही शिकायचं काय?

(होसकोट्यातच व्होल्वोचे ट्रक बनतात. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लगच नसतो, म्हणून मामा हल्ली त्यांच्याकडे हेव्याने बघतात.)

मामांचा जुना प्लग मी माझ्या ट्रंकेत आणून ठेवला आहे. उघड्यावर तपासला, तर तो अजूनही पास होतो.