केस गळतात, कारण कोणते?

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत लहानथोरांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून पडले. आरंभी संशय पाण्यावर गेला, बुरशीवर गेला, शाम्पूवरही गेला. पुढे तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियम फार वाढलेले आढळले, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा माग रेशनच्या गव्हापर्यंत नेला. डोक्याला काही चोळून हे थांबणारे नव्हते.

असा प्रसंग विरळाच. आपल्या कोल्हापुरातील घरांत प्रश्न साधे असतात; घाई मात्र तीच. तान्ह्या बाळाच्या डोक्यामागचे केस झडणे स्वाभाविक आहे. जोतिबाला जावळ काढावे ते श्रद्धेने. वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत, कारण मूळ त्वचेखाली असते. टायफॉईड किंवा डेंगीनंतर दोन-तीन महिन्यांनी केस विरळ होतात आणि बहुधा आपोआप भरून येतात.

खरी गफलत होते ती चट्ट्यांबाबत. मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढा चट्टा दिसला की सारे त्याला 'चाई' म्हणून मोकळे होतात आणि लसूण चोळू लागतात. चाईचा चट्टा गुळगुळीत असतो, त्याला सहसा खाज नसते, तो संसर्गजन्य नाही, आणि लहान चट्ट्यावर पुष्कळदा वर्षभरात केस परत येतात. डोक्यातील गजकर्ण निराळे. तेथे कोंड्यासारखे पापुद्रे, खाज, मुळाशी तुटलेल्या केसांचे काळे ठिपके दिसतात. कधी मानेमागे गाठीही येतात. ही बुरशी केसांच्या मुळात शिरते. त्यामुळे नुसते मलम तेथवर पोहोचत नाही; डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवडे पोटातूनच औषध द्यावे लागते. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या स्टेरॉईडमिश्रित मलमाने लाली ओसरते, बुरशी मात्र पसरते. पू भरून सूज आली आणि दुर्लक्ष झाले, तर तेथे व्रण राहून केस कायमचे जातात. लसणाने त्वचा भाजली, की डॉक्टरांनाही निदान अवघड होते.

तेव्हा चट्टा दिसताच काहीही न लावता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावा. सीपीआर रुग्णालयातही हा विभाग आहे. गजकर्ण असले तरी उपचार सुरू झाल्यावर मुलाला शाळेतून घरी बसविण्याचे कारण नाही. कंगवा, टोपी, टॉवेल वेगळे ठेवावेत आणि भावंडांची डोकीही त्याच दिवशी उजेडात पाहून घ्यावीत.