घरट्यावर कॅमेरा, डोळ्यांवर झापडं

दर वर्षी एप्रिल उजाडला की आमच्या ऑफिसातल्या निदान तीन-चार मॉनिटरच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडी असते. त्यात कोड नसतो आणि क्रिकेटही नसतं. असतं एक काटक्यांचं मोठं घरटं आणि त्यात बसलेली ऑस्प्रेची मादी. कधी स्कॉटलंडमधली, कधी वेल्समधली, कधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची. मीही बघतो, त्यामुळे बघणाऱ्यांची टिंगल करायला हा लेख लिहीत नाहीये. पण जून आला, हंगाम वाईट निघाला, पिल्लं मरायला लागली, की याच बघ्यांचं जे काही सुरू होतं, त्याबद्दल आज बोलायचंच आहे.

ज्यांना हा पक्षी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑस्प्रे हा साधारण घारीएवढा, लांब पंखांचा शिकारी पक्षी. खाणं जवळजवळ फक्त मासे. पाण्यावर घिरट्या घालतो आणि पाय पुढे काढून सूर मारतो. मादी बहुतेक वेळा दोन-तीन अंडी घालते, तीही काही दिवसांच्या अंतराने, त्यामुळे पिल्लंही पुढेमागे बाहेर येतात. नर मासे आणतो, मादी घरट्यात बसून भरवते. मासे भरपूर असले तर तिन्ही पिल्लं पोसली जातात. कमी पडले की थोरलं धाकट्याला टोचून मागे सारतं आणि धाकटं उपाशी मरतं. आई बहुतेक वेळा मध्ये पडत नाही.

आता यातलं कॅमेऱ्याला दिसतं काय? आई दिसते आणि मरणारं पिल्लू दिसतं. नर कुठे, किती वेळ भटकतोय ते दिसत नाही. पाण्यात मासा आहे की नाही, ते तर मुळीच दिसत नाही. म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहते ती एकटी आई. आणि न्यायाधीश कोण? तर आपण, चहाचा कप हातात घेऊन बसलेले!

अतिशयोक्ती वाटते? मग मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेचं उदाहरण घ्या. तिथे ऑस्प्रेच्या घरट्यावर बरीच वर्षं कॅमेरा होता. २०१४ साली तिथली मादी पिल्लांकडे दुर्लक्ष करू लागली, त्यांच्यावर हल्लेही करू लागली. झालं! संस्थेकडे संतापलेल्या ई-मेलांची रांग लागली. पिल्लं काढून घ्या, त्या बाईच्या तावडीतून सोडवा, तुम्ही नुसते बघत कसे बसता... २०१५ मध्ये पुन्हा तेच. शेवटी २०१६ मध्ये संस्थेने प्रक्षेपणच बंद ठेवलं. एका पक्ष्याला वाईट आई ठरवून लोकांनी शिव्या घातल्या आणि त्यातून साध्य काय झालं, तर सगळ्यांचीच खिडकी मिटली.

हा झाला एक पंथ. त्याला मी 'वाचवा पंथ' म्हणतो. दुसरा पंथ त्याच्या बरोब्बर उलट आणि माझ्या मते जास्त धोकादायक. हे लोक शांतपणे सांगतात, "निसर्ग आहे, त्याला त्याचं काम करू द्या." ऐकायला भारदस्त वाटतं. बोलणाऱ्याला आपण फार समजूतदार आहोत असंही वाटतं. शिवाय काहीच करायचं नसतं, त्यामुळे सोयीचंही पडतं.

दोघांचं भांडण कसं चालतं ते बघायला वेल्समधल्या डवी नदीकाठच्या घरट्याचा २०१२ चा हंगाम बघा. आदल्याच वर्षी तिथे पहिल्यांदा पिल्लं झाली होती. २०१२ च्या जूनमध्ये वादळी पाऊस कोसळला, नद्या गढूळ झाल्या, नराला मासा मिळेना. तीनपैकी दोन पिल्लं गेली. तेव्हा तिथल्या मंडळींनी वर चढून शेवटच्या पिल्लाला मासा भरवला, आणि ते जगलं. यावर आजही वाद घालणारे आहेत. माझं मत विचाराल तर त्यांनी योग्य केलं. तेव्हा अख्ख्या वेल्समध्ये ऑस्प्रेच्या जोड्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. एकेक पिल्लू मोलाचं होतं आणि संकट चार दिवसांचं होतं. पाऊस थांबला, पाणी निवळलं, प्रश्न संपला.

पण पाऊस नसतानाही घरटी रिकामी पडत असतील तर? तिथे दोन्ही पंथ तोंडावर आपटतात.

अमेरिकेतला चेसापीक उपसागर म्हणजे ऑस्प्रेचं माहेरघर. डीडीटीच्या काळात तिथेही पक्षी घटले. १९७३ च्या पाहणीत साधारण १,४५० जोड्या उरल्या होत्या. अमेरिकेत डीडीटीवर १९७२ मध्ये बंदी आली आणि पुढच्या काही दशकांत ही संख्या कित्येक पटींनी वाढली. सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. आता त्याच उपसागराच्या दक्षिण भागात, व्हर्जिनियातल्या मॉबजॅक उपसागरात काय झालं ते वाचा. २०२३ मध्ये अभ्यासकांनी तिथली १६७ घरटी तपासली. पिल्लं फक्त १७ घरट्यांमध्ये वाढली. संख्या टिकवायची तर दर जोडीमागे सरासरी १.१५ पिल्लं लागतात. मॉबजॅकमध्ये त्या वर्षी हा आकडा ०.१ च्या आसपास होता. डीडीटीच्या काळापेक्षाही वाईट!

आता सांगा, दीडशे माद्या एकाच वर्षी वाईट आया झाल्या? शंभर सर्व्हर एकाच रात्री पडले तर आपण एकेका सर्व्हरच्या स्वभावाला दोष देतो का? आपण आधी बघतो की वीज कुठून येते, नेटवर्क कुठे तुटलंय. इतकी साधी अक्कल आपण सोमवार ते शुक्रवार वापरतो आणि पक्ष्यांची खिडकी उघडली की ती खुंटीला टांगून ठेवतो.

पक्षी अभ्यासकांनी मात्र ती टांगलेली नाही. १९६८ च्या सुमारास कनेक्टिकटमध्ये ऑस्प्रेची अंडी उबत नव्हती. दोष पालकांत, जागेत की अंड्यात? पॉल स्पिट्झर या तरुण अभ्यासकाने सरळ अदलाबदल केली. चेसापीककडची, त्यातल्या त्यात निरोगी अंडी कनेक्टिकटच्या घरट्यांत आणि तिकडची इकडे. चेसापीकची अंडी परक्या घरट्यांतही नीट उबली. कनेक्टिकटची अंडी चांगल्या घरट्यांतही वाया गेली. म्हणजे आया ठणठणीत होत्या, बिघाड अंड्यातच होता, आणि त्यामागे डीडीटी होतं. आपल्याकडे कोणी इतकं स्वच्छ डीबगिंग केलं तर आपण त्याला पार्टी देऊ.

मॉबजॅकमध्ये २०२१ साली असाच प्रयोग झाला. काही घरट्यांना मेनहेडन नावाचे मासे वरून पुरवले, काहींना नाही. मेनहेडन म्हणजे थव्याने फिरणारा छोटा, तेलकट मासा. पिल्लांसाठी उत्तम खुराक. ज्या घरट्यांना काही दिलं नाही तिथे दर जोडीमागे ०.४७ पिल्लं वाढली. ज्यांना मासे दिले तिथे १.१३. म्हणजे टिकून राहायला लागणाऱ्या आकड्याच्या अगदी जवळ. त्याच आया, तेच बाप, तेच हवामान. फरक फक्त ताटातल्या माशाचा.

आणि हा मासा जातो कुठे? मेनहेडन माणसं सहसा खात नाहीत. तो जाळ्यांनी टनावारी उपसून त्याची भुकटी आणि तेल करतात, शिवाय मासेमारीत आमिष म्हणून वापरतात. चेसापीकमधल्या भुकटी-तेल उद्योगासाठी किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगाने २०१७ मध्ये ५१,००० टनांची मर्यादा ठरवली. २०१९ मध्ये ती हजारो टनांनी ओलांडली गेली.

उद्योगाची बाजूही ऐकून घेऊ. ते म्हणतात, अटलांटिक किनाऱ्यावरचा एकूण साठा ठीक आहे. ऑस्प्रेची संख्या वाढली म्हणून त्यांच्यातच स्पर्धा वाढली असेल, हवामान बदललं असेल. ठीक आहे. खाऊ घालण्याच्या प्रयोगाने मासा कोणी नेला ते सिद्ध होत नाही, हे मलाही मान्य आहे. पण मासा कमी पडतोय हे तर सिद्ध होतं ना? मग अख्ख्या किनाऱ्याची सरासरी उपाशी पिल्लाला काय उपयोगाची? नर ऑस्प्रे घरट्याच्या आसपास मासे पकडतो, पाचशे मैलांवरच्या साठ्यातून नाही. उपसागरात किती मासा आहे ते उपसागरातच मोजा, आणि मोजून होईपर्यंत उपसा आवरता घ्या. शंकेचा फायदा दर वेळी जाळ्यालाच का?

म्हणून 'निसर्गाला त्याचं काम करू द्या' वाल्यांना माझा प्रश्न असा, की पाण्यातला मासा आधी आपण काढून न्यायचा आणि मग उपाशी पिल्लाकडे बोट दाखवून निसर्गाचे नियम सांगायचे, हा कुठला न्याय? आणि 'वाचवा' वाल्यांना प्रश्न असा, की एका घरट्यातलं पिल्लू काढून नेलंत, बाकीच्या दीडशे घरट्यांचं काय? तिथे कॅमेरा नाही म्हणून तिथली भूक खोटी?

बघण्याने काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. स्कॉटलंडमध्ये लॉख गार्टनला १९५८ साली पहारा चुकवून एक चोर झाडावर चढला, ऑस्प्रेची अंडी काढली आणि जागेवर बूटपॉलिश फासलेली कोंबडीची अंडी ठेवून पसार झाला. पुढच्या वर्षी जॉर्ज वॉटरस्टन यांनी घरटं लपवायचं सोडून लोकांना बघायला खुलं केलं. सुमारे १४,००० माणसं आली आणि त्या वर्षी तीन पिल्लं उडाली. तिथे लोकांच्या डोळ्यांनी काम केलं, कारण चोर झाडावर चढणार होता. आजचा चोर झाडावर चढत नाही. तो चौकटीच्या बाहेर, पाण्यात आहे. घरट्याकडे कितीही टक लावून बसलं तरी तो सापडणार नाही.

मग करायचं काय? रडायचंच असेल तर रडा, पण सोबत मोजा. ऑस्प्रेवॉचसारख्या ठिकाणी जगभरचे लोक घरट्यांची नोंद करतात: अंडी किती, पिल्लं किती, उडाली किती. व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये आपले मराठी इंजिनियर काही कमी नाहीत. कामावर जातायेता खाडीतल्या खांबावरचं घरटं दिसत असेल तर त्याची नोंद करा. मासेमारीच्या मर्यादेवर मत्स्य आयोग लोकांची मतं मागवतो, तिथे पत्र लिहा. वुड्स होलला ई-मेल लिहिणाऱ्यांनी जेवढा त्वेष दाखवला, त्याच्या निम्मा तिथे पुरे!

पुण्या-मुंबईच्या मंडळींचीही सुटका नाही. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणला ऑस्प्रे येतात. (ते वेल्सचे किंवा चेसापीकचे नव्हेत. ते अनुक्रमे आफ्रिकेला आणि दक्षिण अमेरिकेला जातात. आपल्याकडे येतात ते यूरेशियाच्या उत्तरेकडून.) तिथेही मी बघतो, लोकांना सूर मारतानाचा फोटो हवा असतो आणि त्यासाठी बोटवाल्याला "अजून जवळ घे" म्हणून पिडलं जातं. फोटो काढा की, पण लांबून. घरी आल्यावर किती पक्षी दिसले, कुठे दिसले, त्यांनी मासा पकडला की रिकाम्या पायांनी परतले, हे ई-बर्डवर टाका. दहा वर्षं सलग टाका. एक दिवस ती संख्या खाली घसरली, तर निदान कोणाला तरी ते कळेल, आणि कळल्यावर कुठल्या पाण्याकडे बघायचं तेही.

असो. पुढच्या जूनमध्ये तुमच्या मॉनिटरच्या कोपऱ्यात एखादं पिल्लू मान टाकेल तेव्हा त्याच्या आईवर तोंडसुख घेण्याआधी एवढंच विचारा: आज बापाने किती मासे आणले? आणि कालपेक्षा कमी आणले असतील, तर का?