विश्वास मोजत बसू नका

मंडळीत कुणाचे दुखणे लांबले की एक वाक्य हमखास कानावर येते : "तुमचा विश्वास कमी पडतोय." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसते. घरगुती प्रार्थनासभा आटोपलेली असते, चहाचे कप फिरत असतात आणि निघता निघता कुणीतरी हा सल्ला देऊन जाते. पण ज्याच्या घरी आजारपण आहे, त्याच्या डोक्यावर आता दुखण्याच्या जोडीला अपराधाचेही ओझे येते. मग त्या घरातली बाई रात्री प्रार्थनेला बसली तरी देवाशी बोलायचे राहून जाते. मनात अजून शंका किती उरली आहे, हेच ती चाचपत बसते.

हे वाक्य ज्यांना ऐकून घ्यावे लागले आहे, त्यांनी प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्याय सावकाश वाचावा.

हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले. लोक खूश झाले असे पाहून त्याने पेत्रालाही धरले. बेखमीर भाकरीच्या सणाचे दिवस, म्हणून निकाल सणानंतर. तोवर पहाऱ्याला चार-चार शिपायांच्या चार तुकड्या. एका कोळ्यासाठी सोळा शिपाई! इकडे मंडळी त्याच्यासाठी कळकळीने प्रार्थना करत होती. लोकांपुढे काढायच्या आदल्या रात्री पेत्र दोन साखळ्यांनी जखडलेला, दोन शिपायांच्या मधोमध, चक्क झोपला होता. देवदूताला त्याला हलवून उठवावे लागले. कंबर कस, वहाणा घाल, वस्त्र पांघर, असे एकेक सांगावे लागले. शहराकडचा लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. एक रस्ता ओलांडल्यावर देवदूत दिसेनासा झाला, तेव्हा कुठे पेत्राच्या ध्यानात आले की हे स्वप्न नाही.

तो थेट योहान मार्काची आई मरीया हिच्या घरी आला. तिथे बरेच लोक प्रार्थनेला जमले होते. त्याने दार ठोकले. रुदा नावाची मुलगी कोण आहे ते पाहायला आली, तिने आवाज ओळखला, आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळाली. पेत्र आलाय! आतल्यांनी तिला वेडी ठरवले. ती हट्टाला पेटली तेव्हा म्हणाले, त्याचा देवदूत असेल. बाहेर पेत्र दार ठोकतोच आहे. तुरुंगाचा दरवाजा आपोआप उघडला आणि प्रार्थना चाललेल्या घराचे दार काही उघडेना. प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकला हे लिहिताना हसू आले असावे, असे मला नेहमी वाटते.

आता आपल्या मापाने पाहा. ज्याच्यासाठी रात्री जागून मागणे चालले होते, तो दारात उभा राहिला तरी यांना खरे वाटेना. यांचा विश्वास साफ नापास! तरी पेत्र सुटला. कारण सुटका त्यांच्या विश्वासाच्या वजनावर टांगलेली नव्हती. ऐकणारा समर्थ होता. प्रार्थना म्हणजे रेशनचे दुकान नव्हे, की जेवढे माप पुढे कराल तेवढेच पदरात पडेल. झटके येणाऱ्या मुलाच्या बापाने तर प्रभू येशूला तोंडावर सांगितले की माझ्यात विश्वासही आहे आणि अविश्वासही. येशूने त्याला आधी मन साफ करून यायला सांगितले नाही. मुलाला तिथेच बरे केले.

पण त्याच अध्यायातला याकोब? त्याच्यासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल, हे मला पटत नाही. माणसे तीच, देव तोच. एक सुटला, एक मारला गेला. का, ते लूक सांगत नाही, आणि आपणही कुणाच्या मातीला जाऊन त्याची कारणे सांगू नयेत. गेथशेमाने बागेत खुद्द येशूने प्याला टळावा म्हणून विनवले. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागितले. काटा राहिला, कृपा मिळाली. त्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणायला कुणाची जीभ धजेल?

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या सभांतून केडगावच्या 1905 च्या आत्मिक जागृतीसाठी घेतात. घ्यावेच. पण 1921 सालही आठवावे. त्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी, त्यांच्या मुक्ती मिशनच्या कामातला उजवा हात असलेली मनोरमा, चाळिशीत वारली. त्या घरात प्रार्थनेची वाण नव्हती. रमाबाई मूळ भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, ते त्यांनी सोडले नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. बायबल 1924 मध्ये छापून आले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. निराशा नको म्हणून काही जण इतके मोघम मागतात की उत्तर आले तरी ओळखू येऊ नये. "प्रभू, सर्वांना आशीर्वादित कर" म्हणून उठायचे. तेही बरे नाही. येशूच्या दाखल्यातली विधवा न्यायाधीशाला नको नको करून सोडते. तसे मागा. नाव घ्या, आजार सांगा, थकलेले घरभाडे, मुलाची सुटत नसलेली दारू, सगळे सांगा. मग "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणा. ते पळवाट म्हणून म्हणू नका, ज्याच्या हाती दिले तो बाप आहे म्हणून म्हणा. आणि औषध थांबवणे हा विश्वास, असे कुणी सांगत असेल, मग तो व्यासपीठावरून का सांगेना, त्याचे ऐकू नका.

पाळकसाहेबांना आणि भगिनी मंडळाच्या बायांना एक विनंती. साक्षीच्या वेळी बरे झालेलेच उभे राहतात. कधी ज्याचे मागणे अजून अडले आहे, त्यालाही बोलू द्या, आणि त्यावर उपदेश करू नका. येत्या आठवड्यात आजाऱ्याच्या घरी जाल तेव्हा त्याच्या विश्वासाची चौकशी करू नका. जवळ बसा, त्याचे नाव घेऊन धीटपणे मागा, आणि निघताना गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, दवाखान्यात सोबत कोण येणार आहे, एवढे विचारून या.