कसेल त्याची, पण राखील कोण?

१ एप्रिल १९५७ हा दिवस मुंबई राज्याच्या कूळकायद्याने ‘कृषक दिन’ ठरविला आणि ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा कायद्यात रुजू झाली. जमीन कोणाची, या प्रश्नाला त्या दिवशी निदान तत्त्वतः उत्तर मिळाले. परंतु त्याच्या पोटात दडलेला दुसरा प्रश्न आपण कधी नेटाने विचारलाच नाही. कसणाऱ्याच्या हाती आलेली ही जमीन त्याच्या नातवंडांच्या हाती जाईल, तेव्हा ती कसण्याच्या लायकीची उरेल काय?

याच काळात उंबरगाव तालुक्यातील देहरी येथे एक शिक्षक हा प्रश्न आपल्या शेतातच सोडवू लागला होता. १९६० साली दोन राज्ये वेगळी होईपर्यंत हा तालुका ठाणे जिल्ह्यात मोडत असे. भास्कर सावे हे त्या शिक्षकाचे नाव. प्रारंभी त्यांनीही रासायनिक खते वापरली आणि भरघोस पीक घेतले. पण ते हिशेबी होते. उत्पन्नामागोमाग खर्चही चढतो आणि पदरात फारसे काही उरत नाही, हे ध्यानी येताच त्यांनी खते सोडली. त्यांची ‘कल्पवृक्ष’ ही चौदा एकरांची नारळी-चिकूची वाडी पुढे जगाच्या कौतुकास पात्र झाली. नैसर्गिक शेतीचे जपानी आचार्य मासानोबू फुकुओका ती पाहून प्रसन्न झाले. २०१० साली सेंद्रिय शेतीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने सावे यांचा जीवनगौरव केला. २०१५ साली ते निवर्तले. वाडी मात्र कुटुंबाने राखली.

या वाडीत चमत्कार कोणताच नव्हता. पाणी झाडाच्या बुंध्याशी न ओतता दोन ओळींमधील चरांत सोडावयाचे, म्हणजे मुळे ओलाव्याच्या शोधात दूरवर पसरतात. गळलेला पाला जाळावयाचा नाही. त्याचे आच्छादन जमिनीवर राहू द्यावयाचे. मुख्य युक्ती लागवडीच्या क्रमात होती. आधी काही महिन्यांत हाती येणारी भाजी व कडधान्ये, त्यांच्या जोडीने केळी-पपई, आणि या सर्वांच्या सावलीत हळूहळू वाढणारे नारळ व चिकू. मोठी झाडे फळास येईपर्यंत लहान पिकांनी घर चालवावयाचे! म्हणजे या शेतीचे खरे भांडवल होते थांबण्याचे बळ.

आणि नेमके हेच बळ आजच्या शेतकऱ्यापाशी नाही. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सरासरी खातेदाराकडे ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ती १.३४ हेक्टरवर आली. तेवढ्या तुकड्यावर ज्याचे घर चालते, त्याला पीककर्ज मिळते ते वर्षभरात फेडण्याच्या बोलीवर. व्याजाची सवलतही मुदतीत फेडणाऱ्यालाच. युरियाच्या गोणीच्या किमतीचा मोठा वाटा सरकार उचलते. बांधावर शेणखत व पालापाचोळा कुजविणाऱ्याच्या श्रमांना मात्र तशी दाद नाही. अशा माणसाला ‘पुढच्या पिढीचा विचार कर’ असा उपदेश करणे सोपे आहे. पण सावकार पुढच्या पिढीपर्यंत थांबत नाही, त्याला काय करावे?

याचा अर्थ उद्यापासून खते बंद करावीत, असा आम्ही मुळीच करीत नाही. श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली, भाताचे पीक खालावले, आणि वर्ष संपण्याच्या आत ती बंदी मागे घ्यावी लागली. जमिनीने अनेक वर्षांत गमावलेला कस सरकारी हुकमाने एका हंगामात परत येत नाही. किनाऱ्यावरच्या पावसात जी वाडी फुलली, तिची हुबेहूब नक्कल मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात करता येणार नाही, हेही उघड आहे. घ्यावयाचा आहे तो तिचा क्रम आणि तिचा धीर.

हा धीर एकट्या शेतकऱ्याने आपल्या पोटाला चिमटा घेऊन का धरावा? जमीन सुधारण्याच्या वर्षांत उत्पन्न घटले, तर त्या तुटीचा भार सरकारने उचलावा. कर्जाची मुदत हंगामाला नव्हे, तर झाडाच्या वाढीला जुळेल अशी असावी. आणि खतासाठी जे अनुदान मिळते, त्यातील काही अंश माती राखणाऱ्याच्याही पदरात पडावा. शहरातील वाचकांनाही आमचे एक सांगणे आहे. भाजीचा भाव चार रुपयांनी चढला की आपण महागाईच्या नावाने ओरड करतो. पण स्वस्त धान्याची उरलेली किंमत शेतातील माती चुकवीत असते, हे आपल्या हिशेबात कधी येत नाही.

सातबाऱ्यावर नाव लागले, म्हणजे जमीन मिळाली. ती टिकविण्याचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याच्या एकट्याचे नाही.